फाईल कुणाकडे उघडी आहे?

पुण्याच्या पेठांमधल्या कुठल्याही करसल्लागाराच्या ऑफिसात सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाय ठेवलात, तर आधी एक आरोळी ऐकू येईल : "अहो, त्या सिमेंटवाल्यांची बॅलन्सशीट कुणाकडे उघडी आहे?" उत्तर येत नाही. आरोळी पुन्हा उठते. या खेपेला आवाजात टॅक्स ऑडिटची ३० सप्टेंबरची मुदत मिसळलेली असते. मग आतल्या खोलीतून तोंडात साबुदाणा वडा असलेला कुणीतरी म्हणतो, "माझ्याकडे असेल बहुतेक. बंद करून टाका." बंद करायला जावं, तर त्याच्याकडे भलत्याच सिमेंटवाल्यांची फाईल उघडी असते.

कॉम्प्युटरला विचारलं तर तो नाव सांगतो, पण त्या नावाचा उपयोग नसतो. सामाईक फोल्डरमधली फाईल कुणी उघडली, की एक्सेल त्याच फोल्डरात एक लपलेली चिमुकली फाईल तयार करतं आणि तीत उघडणाऱ्याचं नाव लिहून ठेवतं. आता हे नाव म्हणजे मशीनमध्ये सॉफ्टवेअर बसवताना कुणीतरी कधीतरी टाकलेलं. त्यामुळे पडद्यावर येतं की फाईल 'एचपी' यांच्याकडे आहे. किंवा 'यूजर' यांच्याकडे. किंवा केव्हाच ऑफिस सोडून दुबईला गेलेल्या एका आर्टिकलकडे, म्हणजे सीएच्या हाताखालच्या शिकाऊ पोराकडे. तो तिकडे सुखाने नांदतोय आणि इकडे आमची बॅलन्सशीट अडवून बसलाय!

अशा वेळी शहाणा माणूस 'फक्त वाचण्यासाठी' या बटणावर टिचकी मारतो, हवे ते बदल करतो आणि फाईल नव्या नावाने ठेवतो. इथून वंशविस्तार सुरू होतो. 'बॅलन्सशीट फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल सरांनी बघितलेलं', 'फायनल सरांनी बघितलेलं करेक्टेड' आणि शेवटी वैतागून 'हेच घ्या'. सतरा लुगडी तरी भागुबाई उघडी, कारण प्रत्यक्षात सरकारच्या पोर्टलवर जे आकडे चढले ते कुणाच्या तरी डेस्कटॉपवरच्या 'बुक १' नावाच्या फाईलमधून चढले, आणि ती फाईल या यादीत नाहीच.

यापेक्षा पूर्वीचं बरं होतं, असं म्हणणारी मंडळी प्रत्येक ऑफिसात असतात. पूर्वी म्हणजे पेनड्राइव्हच्या काळात. तेव्हा फाईल माणसाच्या खिशातून फिरायची आणि अधूनमधून त्याच्या पँटबरोबर धुण्यात जायची. पुढे व्हॉट्सॲप आलं. 'ऑफिस फॅमिली' नावाच्या ग्रुपवर सुप्रभातचा सूर्य आणि मोठ्या सरांच्या वाढदिवसाचा केक यांच्या मधोमध कुठेतरी जीएसटीची वार्षिक विवरणपत्रं असत. ती शोधायला वर वर सरकत जाताना गेल्या वर्षभरातले सगळे सण साजरे व्हायचे.

मग एक दिवस ठरतं, की आपल्याला 'सर्व्हर' हवा. छोट्या ऑफिसातला सर्व्हर विकत घेत नाहीत, नेमतात. जे मशीन त्यातल्या त्यात नवं आहे ते सर्व्हर. ते बहुधा हिशेबाच्या मॅडमच्या टेबलाखाली असतं. त्यातल्या एका फोल्डरवर उजवी टिचकी मारून 'सगळ्यांना सगळे अधिकार' देऊन टाकायचे, बाकीच्या मशीनवर त्याचा झेड ड्राइव्ह करायचा, झालं. ही कामगिरी करणारा माणूस ठरलेला असतो. ज्याने पूर्वी एकदा प्रिंटरात अडकलेला कागद ओढून काढला, तो त्या दिवसापासून जन्मभर ऑफिसचा आयटी विभाग.

या व्यवस्थेत एकच खोट असते : संध्याकाळी सहाला मॅडम मशीन बंद करून घरी जातात, म्हणजे सर्व्हरही घरी जातो. सातला आर्टिकल पोरांना अभ्यासाऐवजी काम सुचतं, तेव्हा झेड ड्राइव्हवर लाल फुली असते. शिवाय मॅडमना मधूनच 'अपडेट करून पुन्हा सुरू करू का?' असं मशीन विचारतं. त्या संस्कारी असल्यामुळे कुणाला नाही म्हणत नाहीत, आणि सगळं ऑफिस अर्धा तास पडद्यावरचं गोल फिरणारं चक्र बघत बसतं.

त्यात वीज गेली की पत्ते बदलतात. राउटर प्रत्येक मशीनला आपल्या मर्जीने एक क्रमांक वाटत असतो. वीज परत आली की वाटप नव्याने. अशा एका गुरुवारी सर्व्हरचा जुना क्रमांक प्रिंटरला मिळाला आणि ऑफिसातले सगळे झेड ड्राइव्ह दिवसभर प्रिंटरचं दार ठोठावत बसले. यावरचा उपाय पाच मिनिटांचा आणि फुकटातला : सर्व्हरला राउटरमध्ये कायमचा राखीव क्रमांक देऊन ठेवायचा. पण त्यासाठी राउटरचा पासवर्ड लागतो, आणि तो केबल कंपनीचा जो मुलगा जोडणीला आला होता त्याला ठाऊक. त्याने आता नंबर बदललाय.

तारांचं प्रकरण याहून गहन आहे. नेटवर्कच्या केबलच्या टोकाला प्लास्टिकची एक इवलीशी जीभ असते. ती मोडली की केबल खोबणीत नुसती टेकून राहते, आणि मग तिला सेलोटेपने बांधतात. केबलच्या पोटात आठ तारा. गिगाबिट वेगासाठी आठही शाबूत लागतात. खुर्चीच्या चाकाखाली जाऊन त्यातली एखादी तुटली, तर नेटवर्क बरेचदा मुकाट्याने १०० मेगाबिटवर उतरतं. म्हणजे जिथे सेकंदाला ११० मेगाबाइट जायचे तिथे जेमतेम ११ जातात. कुरकुर नाही, तक्रार नाही. मग ऑफिस काय करतं? नवा कॉम्प्युटर घेतं. तोही हळू चालतो. मग आणखी रॅम टाकतं. दीडशे रुपयांच्या तारेकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण ती कपाटामागे आहे आणि कपाट हलवायचं ठरलंय ते दिवाळीच्या साफसफाईत.

जुन्या वाड्यातलं ऑफिस असेल तर माळ्यावरून जाणाऱ्या केबलीवर उंदरांचाही हक्क असतो. एकदा असाच तुकडा पडल्यावर पिंजरा आणायचं ठरलं. पण नेमके गणपतीचे दिवस होते. "आत्ता नको," ऑफिसात चहा करणाऱ्या मावशी म्हणाल्या. "विसर्जन होऊ द्या, मग बघू." बाप्पांच्या वाहनाने दहा दिवस निर्धास्त फराळ केला.

यूपीएसचं तर कौतुक सांगावं तेवढं थोडं. वीज गेल्यावर सर्व्हरला सावकाश मिटण्यापुरती उसंत मिळावी म्हणून तो आणलेला असतो. त्याच्या मागे चार-सहा खोबण्या बघून मावशींना आनंद होतो आणि चहाची इलेक्ट्रिक किटली तिथे स्थिरावते. यूपीएस केकाटतो. त्यावर सगळ्यांनी मिळून शोधलेला उपाय म्हणजे आवाज बंद करायचं बटण. आतली बॅटरी दोन-तीन वर्षांत म्हातारी होते हे सगळ्यांना माहीत असतं, पण बदलायची कुणी, हे ठरलेलं नसतं. पुढे वीज जाते तेव्हा यूपीएस आणि सर्व्हर एकाच क्षणी डोळे मिटतात.

असा एखादा मार्चएन्ड सोसला की मोठे सर बैठक बोलावतात आणि 'नॅस' हा शब्द पहिल्यांदा उच्चारला जातो. नॅस म्हणजे टोस्टरएवढी पेटी. पोटात दोन हार्ड डिस्क, पाठीला नेटवर्कची केबल. चोवीस तास चालू राहायचं आणि फायली सांभाळायच्या, दुसरं काम नाही. सिनॉलॉजी, क्यूनॅप अशी नावं निघतात. तीन ठिकाणची कोटेशन्स येतात. सर ती डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवून वाचतात आणि बोट ठेवतात : "चार टीबीच्या दोन डिस्क घेतल्या. मग जागा चारच टीबी कशी?"

नेटवर्कवाला समजावतो, की साहेब, हे रेड वन. जे एका डिस्कवर लिहिलं जातं तेच त्याच क्षणी दुसरीवर. एक मेली तरी काम थांबत नाही. बर्कलीच्या तीन संशोधकांनी १९८८ साली हा विचार पद्धतशीर मांडला, महागडी मोठी एकच डिस्क घेण्यापेक्षा स्वस्त डिस्कांची फळी उभारा म्हणून. सरांना बर्कलीचं सोयरसुतक नसतं. खरेदी दोनची आणि वापर एकीचा, ही नोंद त्यांच्या सनदी मनाला बोचत असते. "आत्ता एक घेऊ, दुसरी पुढच्या वर्षी बघू," ते म्हणतात. मग कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो हे त्यांचं त्यांनाच आठवतं आणि दोन्ही डिस्क मंजूर होतात.

दसऱ्याला पेटीची रीतसर पूजा होते. हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडूची माळ. माळ नेमकी पंख्याच्या जाळीवर येते. पेटी तापते आणि शिटी वाजवू लागते. सगळे सवयीने उठून यूपीएसचं बटण दाबतात.

इथवरचा भाग यंत्रांचा होता, त्यामुळे सोपा होता. पेटी सुरू झाली की प्रश्न येतो अधिकारांचा. कुणी कुठलं फोल्डर बघायचं, कुणी लिहायचं, कुणी पुसायचं? जुन्या सर्व्हरवर सगळ्यांना सगळं खुलं होतं. त्यात 'पर्सनल – उघडू नये' नावाचं एक फोल्डर होतं आणि सगळ्या ऑफिसात सर्वांत जास्त उघडलं जाणारं फोल्डर तेच. आत पगारपत्रक होतं. त्या महिन्यात ऑफिसात विलक्षण शांतता होती. एकमेकांना डब्यातली भाजी देणंही बंद झालं होतं.

म्हणून या खेपेला प्रत्येकाला स्वतंत्र नाव, स्वतंत्र पासवर्ड आणि गटवार परवानग्या. कागदावर हे फार सुरेख दिसतं. दुसऱ्या दिवशी हिशेबाच्या मॅडम सरांच्या केबिनमध्ये जातात. "मला ऑडिटच्या फोल्डरवर फक्त वाचायची परवानगी? तुमच्या वडिलांच्या वेळेपासून आहे मी इथे." प्रश्न फायलीचा राहत नाही, मानाचा होतो. मॅडमना सगळे अधिकार मिळतात. पुढे काम अडू नये म्हणून त्या आपला पासवर्ड आर्टिकल पोरांना देतात आणि पोरं तो विसरू नये म्हणून कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून ठेवतात. सुरक्षा पुन्हा भिंतीवर येते.

दुसरी लढाई फोल्डरांच्या नावांची. आधी ग्राहक, मग वर्ष, मग कामाचा प्रकार, असं ठरतं आणि सगळे माना डोलावतात. पण वर्ष कुठलं? निम्मं ऑफिस आर्थिक वर्षाने फोल्डर करतं, निम्मं करनिर्धारण वर्षाने. एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ चे कागद एकाच्या लेखी '२०२३-२४' मध्ये, दुसऱ्याच्या लेखी '२०२४-२५' मध्ये. दोघेही बरोबर, आणि कागद कुणालाच सापडत नाहीत. नव्या आयकर कायद्याने १ एप्रिल २०२६ पासून हा घोळ मिटवायला 'कर वर्ष' आणलं. आमच्याकडे त्याचं तिसरं फोल्डर झालं.

ज्यांना कशातच बसवता येत नाही असे कागद 'जुनं' मध्ये जातात. 'जुनं' भरलं की 'जुनं जुनं'. त्यात 'न्यू फोल्डर', त्यात 'न्यू फोल्डर २', त्यात 'मॅडमच्या मशीनवरचं सगळं'. फाईलचा पत्ता मारुतीच्या शेपटासारखा वाढत जातो. विंडोज सर्वसाधारणपणे २६० अक्षरांपर्यंतच पत्ता सोसतं. त्यापुढे फाईल डोळ्यांना दिसते पण उघडत नाही, हलत नाही, पुसलीही जात नाही. अशा फायली आमच्याकडे आहेत. आम्ही त्यांना लांबून नमस्कार करतो.

मराठी पत्रांची आणखी निराळी तऱ्हा. सोसायट्यांची पत्रं श्रीलिपीत टाइप केलेली. फाईल सामाईक झाली तरी फॉन्ट एकाच मशीनमध्ये. त्यामुळे 'माननीय अध्यक्ष महोदय' दुसऱ्या मशीनवर उघडले, की तिथे डॉलर, टक्के आणि उलटे स्वल्पविराम अशी मिरवणूक निघते. युनिकोडमध्ये टाइप करा म्हटलं, तर ऑपरेटर म्हणतो, "माझा हात बसलाय." बसलेल्या हातापुढे कुणाचं चालत नाही.

एवढं सगळं मार्गी लागलं की ऑफिसला वाटतं, गंगेत घोडं न्हालं. दोन डिस्क आहेत, आता काळजी नाही. आणि कुणीतरी चुकून अख्ख्या वर्षाचं फोल्डर निवडून डिलीट दाबतं. नेटवर्कवरची फाईल पुसली तर ती आपल्या मशीनच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. विंडोज विचारतं खात्री आहे का म्हणून, पण ते इतक्यांदा इतकं काही विचारत असतं, की बोट आपोआप 'हो'वर पडतं. तेव्हा लक्षात येतं, की दुसरी डिस्क पहिलीची सावली आहे. पहिलीवर जे लिहिलं ते ती इमानाने लिहिते आणि पहिलीवर जे पुसलं ते तितक्याच इमानाने पुसते. डिस्क बिघडली तर ती उपयोगी, माणूस बिघडला तर नाही. आणि ऑफिसात डिस्कपेक्षा माणसं जास्त. पेटीची स्वतःची कचरापेटी आणि ठरावीक वेळाने टिपलेले स्नॅपशॉट सुरू ठेवले तर अशी फाईल परत येते. ते सुरू आहेत का, हे आधी बघायचं असतं. नंतर बघणं म्हणजे वरातीमागून घोडं.

जाणकार म्हणतात, तीन प्रती ठेवा, दोन निरनिराळ्या साधनांवर ठेवा, त्यातली एक ऑफिसबाहेर ठेवा. तीन-दोन-एक. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने हा नियम लोकप्रिय केला. ज्याचं सगळं पोट साठवलेल्या फायलींवर चालतं त्याला हे सुचावं, यात नवल नाही. आमच्याकडे बाहेरची प्रत म्हणून सरांनी एक पोर्टेबल डिस्क आणली. दर शुक्रवारी भरायची आणि घरी न्यायची. पहिल्या शुक्रवारी ती घरी गेली. दुसऱ्या शुक्रवारी घरी राहिली. पुढे एकदा परत आली ती पेटीला लागली आणि लागलीच राहिली, कारण रोज कोण काढणार आणि रोज कोण लावणार?

जोडून ठेवलेल्या डिस्कचं काय होतं, ते १२ मे २०१७ ला जगाने पाहिलं. 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने विंडोजच्या फायली वाटून घ्यायच्या सर्वांत जुन्या पद्धतीतली, म्हणजे एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतली फट धरली आणि एका मशीनवरून दुसऱ्यावर उड्या मारत फायलींना कुलपं लावली. मुख्य डिस्क, जोडलेली डिस्क, असला पंक्तिभेद त्याने केला नाही. मौज म्हणजे ती फट बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. दोन महिने लोक 'नंतर आठवण करा' दाबत होते. त्याच वर्षी नव्या विंडोजमधून ती जुनी पद्धत आपोआप मिळणं बंद झालं, आणि आमच्या आळीतल्या जुन्या झेरॉक्स मशीनांनी फोल्डरात स्कॅन टाकणं सोडलं. त्यावर आळीतल्या तज्ज्ञांनी सांगितलेला तोडगा : ती जुनी पद्धत पुन्हा सुरू करा. केली! चोराने फोडलेली खिडकी गवंड्याने बुजवली, आम्ही ती हवेसाठी परत उघडली.

आणि हे सगळं अशा ऑफिसात, जिथे येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला आम्ही डोळे मिटून ऐकवतो : जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपा. कंपनी असाल तर हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपा. २०२२ पासून नियम असा आहे, की त्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्याच सर्व्हरवर हवा. ग्राहक घाबरतो, फी देतो आणि जातो. त्याने जाता जाता "तुमचा बॅकअप कुठे असतो?" असं विचारलं, तर आम्ही चहा मागवतो.

तशी बॅकअपची व्यवस्था आमच्याकडे आहे. रोज रात्री अकराला तो आपोआप होतो, आणि झाला नाही तर पेटी तत्काळ ईमेल पाठवते. ईमेल जातो तो पेटी बसवताना दिलेल्या पत्त्यावर. तो पत्ता त्या दुबईच्या आर्टिकलचा. बॅकअप महिनोन्‌महिने होत नव्हता, आणि याची पक्की, रोजच्या रोज, लेखी खबर फक्त दुबईत होती.

छोट्या धंद्यात सामाईक साठवण भरवशाची होत नाही, त्याला कारण पैसे नव्हेत. राखीव पत्ता फुकट आहे, केबल दीडशेची आहे, पेटीला घसारा मिळतो. अडतं ते एवढ्यावर, की जे सगळ्यांचं ते कुणाचंच नसतं. मोठ्या कंपनीत या कामाला पगारी माणूस असतो, आपल्याकडे 'बघू रे कुणीतरी' असतो. तेव्हा पेटी कुठली घ्यावी यावर डोकं खपवण्याआधी एक माणूस नेमा. यूपीएसची बॅटरी, बॅकअपचा ईमेल आणि सोडून गेलेल्यांची खाती, ही तीन कामं त्याच्या नावावर लिहा, आणि ती करण्यासाठी आठवड्यातला एक तास त्याला रीतसर द्या.

आणि उद्या सकाळचा चहा व्हायच्या आत त्याला सांगा, की गेल्या मार्चमधली कुठलीही एक फाईल मला बॅकअपमधून परत काढून दाखव. 'बॅकअप आहे' हे ऐकून घेऊ नका, फाईल उघडलेली बघा. नाही निघाली, तर तुमच्याकडे बॅकअप नाही, नुसता विश्वास आहे. निघाली, तर त्या माणसाचा पगार वाढवा. फक्त ती वाढ कुठल्या फोल्डरात लिहून ठेवताय, तेवढं बघा.